चादरीच्या मापाची होडी

मित्रांनो, आधी ते नाक मुरडणं थांबवा. शेडच्या कोपऱ्यात, फळ्यांच्या चळतीमागे, फुलाफुलांच्या विटक्या चादरीखाली जो राखाडी ढीग दिसतो ना, तो ढीग नाही. ती मी आहे, हवा भरून फुगवायची एक म्हातारी होडी. वास येतो म्हणता? येणारच. खारं पाणी, जुनं रबर आणि उंदरांचा शेजार. तुम्हाला एवढी वर्षं इथे टाकलं असतं तर तुमचाही आला असता.

माझी कहाणी गोड नाही, हे आत्ताच सांगते. माझ्यातून पाण्यात पडून एक माणूस गेलं. त्या दिवशी माझ्यात हवा कमी होती. ती कुणी सोडली होती हे मला माहीत आहे. या घरातली दोन माणसं त्या एकाच प्रश्नापायी वर्षानुवर्षं एकमेकांकडे पाठ करून जेवत होती. मला विचारायला मात्र कुणी आलं नाही. होडीला कोण विचारतं?

पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल.

माझा जन्म एका लांबच लांब कारखान्यात झाला. रबरी कापडाचे तुकडे कापून त्यांच्या कडांना गोंद लावला, आणि दोन बायकांनी लाटण्यासारख्या रुळांनी त्या कडा दाबून दाबून चिकटवल्या. एक गप्प असायची, दुसरीची जीभ टाळ्याला लागत नसे. माझ्या पोटात तीन कप्पे केले, डावा, उजवा आणि नाकाचा. प्रत्येक कप्प्याला हवा भरायची वेगळी झडप, झडपेवर टोपण. मागच्या बाजूला एक लाकडी फळी बसवली, मोटर अडकवायला. मग मला टम्म फुगवून अंगभर साबणाचं पाणी फासलं. कुठे बुडबुडा आला की नापास. मला एकही आला नाही. त्या बडबड्या बाईने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, ही जाईल बघ लांब. ते माझ्या वाट्याला आलेलं पहिलं कौतुक. अजून लक्षात आहे.

माझ्यासारख्यांचं काम काय, तेही ऐका. शिडाची नौका किनाऱ्याला लागत नाही, तळ घासतो. ती खोल पाण्यात नांगर टाकून ऐटीत उभी राहते, आणि माणसांना, पाण्याच्या पिंपांना, कचऱ्याच्या पिशव्यांना नेण्या-आणण्याचं काम आम्ही करायचं. फोटो तिचे निघतात, कष्ट आमचे. तक्रार नाही करत. नुसतं सांगते.

दुकानात माझ्या शेजारी माझी मोठी बहीण उभी होती. माझ्याहून लांब, रुंद, जाडजूड कडांची, पायाखाली टणक फळ्या असलेली. येणारा-जाणारा आधी तिच्याकडे बघायचा. मला वाटायचं, आपण इथेच धूळ खात म्हाताऱ्या होणार. मग एके दिवशी ती तिघं आली.

एक होता सुतार. त्याने स्वतःच्या हातांनी एक छोटी शिडाची नौका बांधली होती. त्याची बायको शिडं शिवायची, बोटांना कायम सुयांची भोकं. आणि तिसरी अक्का, सुताराची मोठी बहीण. आईबाप लवकर गेले तेव्हा हिनेच लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून भावाला वाढवलं होतं. लग्न केलं नाही, की करायचं राहून गेलं, ते तिने कधी सांगितलं नाही. नौका बांधायला जागा हवी म्हटल्यावर तिने आपलं अंगण देऊन टाकलं. तिथे ती कपडे वाळत घालायची. मग वर्षानुवर्षं ओल्या कपड्यांच्या बादल्या घेऊन गच्चीचे जिने चढत राहिली आणि गुडघे घालवून बसली. वर आल्यागेल्याला हसत सांगायची, आमच्या अंगणात देवमासा आलाय राहायला.

सुताराला एकच ध्यास होता. त्या देवमाशावर अक्काला बसवून एकदा तरी समुद्रावर न्यायचं. अक्काला पाण्याची भीती. बादलीभर पाण्यात हात घालते तेवढा समुद्र मला पुरे, असं ती म्हणायची. तरीही ती दुकानात आली होती, कारण तो बोलावत होता आणि त्याला नाही म्हणायला तिला कधी जमलंच नव्हतं.

आता गंमत बघा. दुकानात लोक वजन विचारतात, मोटर किती मोठी बसेल विचारतात. शिडवालीने पिशवीतून एक चादर काढली. त्यांच्या नौकेच्या डेकवर, डोलकाठी आणि खाली उतरायचं दार यांच्यामध्ये होडी ठेवायला जेवढी जागा होती, तेवढ्याच मापाची कापलेली. झगा शिवताना कागद कापतात ना, तशी. चादर अक्काची होती. फुलाफुलांची.

"चांगली चादर कापलीस गं," अक्का म्हणाली. "माप घ्यायला वर्तमानपत्र नव्हतं का घरात?"

शिडवालीने ती जमिनीवर पसरली आणि आधी मोठ्या बहिणीला तिच्यावर ठेवायला लावलं. तिचं नाक वीतभर बाहेर आलं. मग मला ठेवलं. मी अगदी काठोकाठ बसले. सुताराचा चेहरा असा खुलला की काय सांगू. सुतारच तो, त्याला मापात बसलेल्या वस्तूची भूल पडते.

दुकानदाराने समजावून पाहिलं. ही धाकटीसुद्धा तिघांना नेईल, तो म्हणाला, पण हिच्यात हवा पूर्ण पाहिजे. मोठीच्या तळाला फळ्या आहेत, तिचं थोडं इकडेतिकडे झालं तरी ती सांभाळून घेते. ही नाही घेणार. हवा कमी असली तर ही मधेच वाकेल.

सुतार म्हणाला, हवा काय, भरू की. शिडवाली म्हणाली, दारापुढे आडवी येणारी होडी रोज ओलांडायची का? दोघांचं एकमत झालं. अक्काचं मत कुणी विचारलं नाही. तिने वाकून माझ्या कडेवरून हात फिरवला आणि मी बसेन कुठे, एवढंच विचारलं. सुतार म्हणाला, मधे, आम्हा दोघांच्या मधे.

मित्रांनो, तेव्हा मी हुरळून गेले होते. बहिणीकडे बघून मनातल्या मनात वेडावून दाखवलं. आपल्याला निवडलं, याहून मोठं सुख असतं का? कशासाठी निवडलं, हे त्या वेळी कोण बघतं.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली, खोटं कशाला बोलू. सुताराने माझी टोपणं रंगवली. समुद्रावर डाव्या बाजूचा दिवा लाल आणि उजवीचा हिरवा असतो, म्हणून डाव्या झडपेचं टोपण लाल, उजवीचं हिरवं, नाकाचं पांढरं. या बाबतीत तो भारी कडक. लाल-हिरव्याची अदलाबदल करणाऱ्याला त्याने नौकेवर पाऊल ठेवू दिलं नसतं. टोपणांच्या दोऱ्या उन्हाने तुटल्या तरी चिंता नव्हती, रंग होते ना. शिडवालीने माझ्या घासल्या जाणाऱ्या कडांना कापडी पट्ट्या शिवल्या. रविवारी ती दोघं मला पाण्यात सोडायची, वल्ही मारताना भांडायची, हसायची. मला वाटायचं, आपलं नशीब फळफळलं.

त्यांचा एक नियम होता. तो नीट ऐका, पुढे तोच आडवा येणार आहे. डेकवर दुपारचं ऊन लागलं की माझ्यातली हवा तापून फुगते, अंग ढोलासारखं ताणतं आणि जोड उसवायची भीती असते. म्हणून दुपारी थोडी हवा सोडायची. पण संध्याकाळी गार पाण्यात उतरवलं की हवा आकसते आणि मी लुळी पडते. म्हणून उतरवण्याआधी पायाच्या पंपाने पुन्हा भरायची. आणि हे भरायचं कुणी? ज्याने सोडली त्याने. दोघांनी मिळून हे ठरवलं होतं आणि कसोशीने पाळलं होतं. आपण सोडली नसेल तर भरायचा प्रश्नच नाही, इतकं ते त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

अक्का यायची ती बंदरात, नौका धक्क्याला बांधलेली असताना. उशी घेऊन माझ्याजवळ बसायची. एका दुपारी सुतार हवा सोडत होता, फुस्स आवाज झाला आणि तिला हसू फुटलं. त्याने तिचं बोट धरून झडपेवर ठेवलं, दाब म्हणाला. तिने दाबलं. आयुष्यभर कोळशाची इस्त्री उचललेली ती बाई लहान मुलीसारखी खुदखुदली. मग ते काम तिचंच झालं. ती आली की सुतार म्हणायचा, अक्का, हिला जरा मोकळं कर गं. न सांगता ती झडपेला कधी हात लावत नसे. संध्याकाळी पंप मात्र तो मारायचा. तिचे गुडघे, पंप पायाने दाबायचा, तिला कशाला सांगा? हवा परत भरावी लागते हेसुद्धा तिला कुणी सांगितलं नाही. ती तेव्हा घरी गेलेली असायची.

शेवटी एकदाची ती कबूल झाली. दोन दिवसांची सफर. सुताराने तिच्यासाठी शिडीला जादा पायरी बसवली, शिडवालीने तिच्या मापाचं जीवरक्षक जॅकेट आणलं. सकाळी निघालो. वारा बेताचा होता. अक्का आधी डोळे मिटून बसली होती, मग एक डोळा उघडला, मग दुसरा. दुपारी एका निवांत खाडीत नांगर टाकला. ती म्हणाली, अरे, हे एवढं मोठं होतं आणि मी घाबरत बसले. सुताराने तोंड फिरवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी पाहिलं.

ऊन रणरणतं होतं. सुतार खाली इंजिनापाशी खटपट करत होता. शिडवाली नौकेच्या पुढच्या टोकाला शिडाचा उसवलेला काठ शिवत होती, पाठमोरी. अक्का माझ्याजवळ सावलीत बसली होती. तिने माझ्या अंगाला हात लावला तर चटका बसला. मी ताणले होते हे खरं, जोड कुरकुरत होते. बिचारी, किती तापलीस गं, असं ती मला म्हणाली. मला. त्या नौकेवर माझ्याशी बोलणारी ती एकटीच. तिने डाव्या झडपेतून हवा सोडली, उजव्या झडपेतून सोडली. दोन्ही टोपणं मांडीवर घेऊन पुसली आणि पुन्हा लावली. मग उशीला टेकून डुलकी काढली. कुणाला काही बोलली नाही. बोलण्यासारखं होतं काय त्यात? तिच्या लेखी एक छोटं काम आटपलं होतं.

दिवस कलायला लागला आणि वारा फिरला. खाडी ज्या बाजूने उघडी होती नेमका तिकडूनच यायला लागला. लाटा आत शिरल्या, नौका गदागदा हलायला लागली. अक्काला उलट्या सुरू झाल्या. छाती दाबते म्हणून तिने जॅकेटचे बंद सैल केले. मला जमिनीवर ने रे, मला जमिनीवर ने, एवढंच ती म्हणत होती. सुताराने ठरवलं, आधी हिला किनाऱ्यावर पोचवू. किनारा हाकेच्या अंतरावर होता, वर एक-दोन घरं दिसत होती.

दोघांनी मला उतरवलं. त्याला माहीत होतं, आज त्याने हवा सोडलेली नाही. तिला माहीत होतं, आज तिने सोडलेली नाही. म्हणजे हवा पूर्ण. मला अंगठ्याने दाबून बघायला वेळ नव्हता, आणि नियमाप्रमाणे गरजही नव्हती. मी ओरडत होते, मित्रांनो. आमच्यासारख्यांचं ओरडणं म्हणजे नुसतं फदफदणं. लाटांच्या आवाजात ते कुठे ऐकू जाणार?

सुतार आधी अक्काला एकटीला नेणार होता. पण तिने शिडवालीचा हात सोडला नाही. तू पण चल, तू पण चल. म्हणून तिघंही बसली. अक्का मधे, ठरल्याप्रमाणे. सुताराने मोटर सुरू केली. जोर लागताच माझी मागची फळी आत झुकली आणि मागून पाणी शिरलं. पुढून लाट आली. दुकानदार म्हणाला होता तशी मी मधेच वाकले.

पुढचं मी लांबवणार नाही. नवऱ्याने बायकोला धरलं, बायकोने माझी दोरी धरली. अक्काचं जॅकेट डोक्यावरून निघून वर आलं, रिकामं. सुतार पुन्हा पुन्हा बुडी मारत राहिला. शेवटी किनाऱ्यावरच्या माणसांनी त्याला केसाला धरून ओढून काढलं. अक्का दुसऱ्या दिवशी सकाळी दगडगोट्यांत सापडली.

चौकशीला आलेल्या साहेबांनी माझी कड अंगठ्याने दाबली. हवा कमी होती हिच्यात, ते म्हणाले आणि गेले. टोपणांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला तशीच, अर्धी फुगलेली, टेम्पोत टाकून इथे आणलं. उरलेली हवा जोडांतून आपोआप गेली.

ते एक वाक्य मात्र या घरात राहायला आलं. तो म्हणाला, मी सोडली नव्हती. ती म्हणाली, मीही नाही. अक्काला त्या दिवशी कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून तिचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. दोघंही खरं बोलत होती, आणि म्हणून दोघांनाही समोरचं माणूस खोटं बोलतंय याची खात्री पटली. नौका विकली गेली. मला कोण घेणार? शिडवालीने पिशवीतली ती चादर माझ्यावर टाकली. कुठेतरी टाकायला हवी होती म्हणून. ती दोघं याच घरात राहिली, अक्काच्या घरात. पण तो जेवायला बसला की ती भांडी घासायला जायची. ती बसली की तो रंधा घेऊन अंगणात. भांडणाचा आवाज कधी आला नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मी इथे पडल्या पडल्या ऐकत होते, आणि माझ्या रबराचा नुसता जळफळाट होत होता. सांगू कशी? हात नाहीत, तोंड नाही.

परवाच्या पावसाळ्यानंतर शिडवाली कात्री घेऊन आत आली. कुणाच्या तरी शिडाच्या कोपऱ्याला जाड रबरी ठिगळ हवं होतं. मला कापायला आली होती ती. तिने चादर काढली, घडी घातली, चांगला तुकडा कुठला मिळेल म्हणून ओल्या फडक्याने माझं अंग पुसायला लागली. डावीकडची धूळ पुसली. टोपण हिरवं. ती थांबली. उजवीकडे गेली, तिथलं पुसलं. लाल.

ती माझ्याशेजारी खाली बसली. तिला सगळं कळलं, एका दमात. नवऱ्याने ही अदलाबदल मेला असता तरी केली नसती. तिने स्वतः केली नव्हती. त्या दुपारी डेकवर तिसरं माणूस एकच होतं, आणि त्याला लाल-हिरव्याचं काही सोयरसुतक नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटले, आता ही जाईल, नवऱ्याला हात धरून आणेल, दाखवेल. मग दोघं रडतील आणि एकदाचं संपेल.

ती रडली. तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. बाहेर सुताराचा रंधा चालू होता. तो आवाज ती ऐकत होती. मला वाटतं, तिला दिसत होतं की त्याला सांगितलं तर काय होईल. अक्काचं बोट धरून झडपेवर कुणी ठेवलं होतं? दाब म्हणून कुणी सांगितलं होतं? तो उरलेलं आयुष्य त्याच बोटाकडे बघत काढेल.

तिने हिरवं टोपण काढलं, लाल काढलं आणि दोन्ही आपापल्या जागी लावली. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवं. डोळे पुसले आणि दारात जाऊन उभी राहिली.

"ऐकता का? त्या दिवशी हवा मीच सोडली होती. भरायची राहिली."

रंधा थांबला.

"मला माहीत होतं," सुतार म्हणाला.

"सांगायची छाती झाली नाही माझी."

मला वाटलं, आता रंधा फेकून मारतो की काय. मग त्याने अंगावरचा भुसा झटकला. नळाचा आवाज आला, हात धुतल्याचा. आणि तो म्हणाला, "चल. जेवून घेऊ."

मित्रांनो, त्या दिवशी ती दोघं इतक्या वर्षांनी एकत्र जेवली. रोज जेवतात आता. तो तिच्याशी चार शब्द बोलतो, हळू आवाजात, माफ केलेल्या माणसाशी बोलतात तसं. ती ऐकून घेते. मला या गोष्टीचा आनंद मानावा की संताप करावा, अजून कळत नाही. जिने काही केलं नाही तिला तो माफ करतोय, आणि ती ते मुकाट्याने घेतेय.

तुम्ही लहान आहात, तुमच्याकडे अजून वेळ आहे, म्हणून हात नसले तरी हात जोडून सांगते. कुणाला एखादं काम शिकवाल, तर त्याच्या पुढचं कामही शिकवा. तिचे गुडघे दुखतात, त्याला काय कळतंय, आपण करू की नंतर, असं म्हणून अर्धं हातचं राखू नका. आणि माझ्यासारखी होडी घ्यायला जाल तेव्हा ती रिकामी असताना कुठे मावते हे बघू नका. तिच्यात बसणार कोण, हे आधी बघा. ज्याला भीती वाटते त्याला विचारा.

तिने मला कापलं नाही. चादर पुन्हा माझ्यावर पसरली. हवा गेली, मी चपटी झाले, तरी ती अजून काठोकाठ बसते. तिच्याखाली टोपणं आता बरोबर जागी आहेत, आणि अक्काचा हात तिथे लागला होता याची खूण कुठेच उरलेली नाही.